आधी हात, मग कोलांटी

पूर्वी गावाकडे पोराचं नाव शाळेत घालायचं तर जन्माचा दाखला क्वचितच कोणाकडे असायचा. गुरुजी पोराला समोर उभं करत आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत. बोटं डाव्या कानाला लागली की पोर शाळेच्या वयाचं झालं, नाव दाखल. माझ्या आजोबांचं नाव असंच दाखल झालं होतं. त्या परीक्षेत तथ्य होतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि हात आखूड. त्या डोक्याला वळसा घालण्याइतके हात वाढायला साधारण सहा-सात वर्षं जातात.

जूनमध्ये माझ्या पी.टी.च्या तासाला पहिलीचा वर्ग आला की मी आजही मुलांना हेच करायला लावते. वय कळावं म्हणून नव्हे, ते दाखल्यावर लिहिलेलंच असतं. मला बघायचं असतं की कोलांटी घालण्याइतके हात या मुलाला आले आहेत का. मग दोन्ही हात कानाला चिकटवून सरळ वर करायला सांगते. कोणाचे हात डोक्याच्या चांगले वर निघतात, कोणाचे जेमतेम. ज्याचे जेमतेम निघतात तो मॅटवर हात टेकून वाकला की हातांनी भार घ्यायच्या आधीच डोकं खाली पोचतं. टाळू मॅटवर आणि सगळं अंग मानेवर. बघणारे म्हणतात, पोरगं घाबरट आहे, बसून राहतंय. मला ते पोरगं शहाणं वाटतं. आपल्याला अजून हे झेपणार नाही, हे त्याच्या अंगाला कळलेलं असतं.

मी ठाण्यात लोकमान्यनगरच्या बाजूला एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, पहिली ते चौथी. मुलं मला बाई म्हणतात. लहानपणी मी दोरीचा मल्लखांब केला, पुढे बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, जिम्नॅस्टिक्स शिकले. शाळेत मात्र बरीच वर्षं कवायत, लेझीम, लंगडी, खो-खो एवढंच चाललं होतं. गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, या वर्षी प्राथमिकच्या सगळ्या मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवू या. निवडक नाही, सगळ्या. त्यांनी एकच विचारलं, "कोणाला लागलं तर?" त्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन भागलं नसतं. वर्षभर मी जे करत गेले तेच माझं उत्तर.

आधी हिशोब सांगते, कारण जिम्नॅस्टिक्सचा तास बिघडतो तो तिथेच. हॉलमध्ये सहा मॅट आहेत, सहा फूट बाय चार फूट, दोन इंच जाडीच्या, वर रेक्झिन. खाली फरशी. वर्गात 45 मुलं आणि तास 35 मिनिटांचा. बूटमोजे काढणं, रांग लावणं, अंग गरम करणं यात दहा मिनिटं जातात. उरली पंचवीस. सगळी मुलं एका मॅटसमोर रांगेत उभी केली, तर एका मुलाची कोलांटी होऊन तो बाजूला होईपर्यंत वीस सेकंद लागतात, म्हणजे रांगेची एक फेरी संपायला पंधरा मिनिटं. एका तासात एका मुलाला फार तर दोनदा संधी, बाकी वेळ ते पुढच्याची वेणी ओढत उभं. ढकलाढकली, भांडणं सगळं या रांगेतून सुरू होतं. तेव्हा कोणाचा तास बघायला गेलात तर मुलं किती वेळ नुसती उभी आहेत तेवढं बघा, बाकीचं आपोआप कळेल.

बरं, सहाही मॅटवर कोलांट्या सुरू कराव्यात तर आधार द्यायला मी एकटी. म्हणून सहा मॅट, सहा गट आणि सहा वेगळी कामं, असं ठरवलं. ज्या कामाला माझा हात लागतो ते फक्त माझ्यासमोरच्या मॅटवर. बाकी पाच मॅटवर माझ्याशिवाय मुलांना निर्धास्त करता येईल तेवढंच. एकीवर अस्वलासारखं चार पायांवर चालायचं, एकीवर पाठीवर झुलायचं, एकीवर ससाउड्या, एकीवर बाकावरून उडी, एकीवर जोडीने ढकलगाडी. चार मिनिटांनी मी टाळी वाजवली की गट पुढच्या मॅटवर सरकायचे. माझ्यासमोर प्रत्येक मुलाला तासाला एकदा, कधी दोनदाच संधी मिळते, पण पूर्ण पंचवीस मिनिटं ते हलत असतं. आणि त्या बाकीच्या पाच मॅटवरच कोलांटीचा पाया पडत असतो.

तासाची वेळही मुख्याध्यापिकाबाईंकडून बदलून घ्यावी लागली. तिसरीचा तास आधी खिचडीनंतर होता. पोटभर खिचडी खाल्लेलं मूल उलटं करण्यात काही अर्थ नाही. बाईंनी वेळापत्रकात गणित इकडचं तिकडे केलं आणि माझे सगळे तास सुट्टीच्या आधी आणले. गणिताच्या बाईंनी कुरकुर न करता हे मान्य केलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग मुलांच्या अंगावर काय काय असतं ते. पहिलीतल्या मुलांच्या छातीवर रुमाल पिनने लावलेला असतो. ती पिन सगळ्यात आधी काढायची. मग बांगड्या, पैंजण, कानातलं, गळ्यातली माळ, मनगटावरचे जाड धागे. चष्मे माझ्या टेबलावर. मुलींच्या दोन वेण्या चालतात, पण डोक्याच्या मागच्या बाजूला मोठी क्लिप किंवा अंबाडा असेल तर कोलांटीत नेमका तोच भाग मॅटवर येतो, तेव्हा क्लिपा काढून वेण्या पुढे. मोज्यांत कोणीही मॅटवर यायचं नाही, रेक्झिनवर मोजे घसरतात. पावसाळ्यात तर येऊरच्या डोंगराकडून पाऊस आला की आमचा व्हरांडाच वाहायला लागतो. मुलं ओल्या पायांनी हॉलमध्ये येतात. म्हणून दारात दोन गोणपाटं टाकली आणि प्रत्येक गटातल्या एकाला पाय बघायचं काम दिलं. तास संपला की मॅट पंख्याखाली उभ्या करून ठेवायच्या, नाहीतर आतला फोम कुबट होतो.

मुलींच्या कपड्यांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. फ्रॉक घातलेली मुलगी पाय वर करायला धजत नाही आणि ती का धजत नाही हे ती सांगतही नाही. ती नुसती म्हणते, "बाई, माझं पोट दुखतंय." पालकसभेत मी स्पष्ट सांगितलं की पी.टी.च्या दोन्ही दिवशी मुलगा असो वा मुलगी, ट्रॅक पँट आणि आत खोचलेला टी-शर्ट. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यासाठी मोठ्या मुलांच्या लहान झालेल्या पँटी गोळा केल्या. पोटदुखी जवळजवळ बंदच झाली.

पहिले कित्येक आठवडे मी कोलांटीचं नाव काढलं नाही. फक्त उतरणं शिकवलं. वीतभर उंचीच्या बाकावर चढायचं, उडी मारायची आणि जमिनीवर आल्यावर तसंच थांबायचं. मुलांना "स्टॅच्यू" हा खेळ माहीत असतो, मी तोच शब्द घेतला. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेने, छाती वर, हात पुढे. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही. गुडघे आत वळत असतील तर तिथेच थांबवून पुन्हा. डोळे मिटूनही मला कळायचं कोण कसं उतरलं. ताठ पायांनी उतरणाऱ्याचा आवाज हॉलभर घुमतो, गुडघ्यांत जिरवून उतरणाऱ्याचा येतच नाही. मुलांनाही मी हा आवाज ऐकायला शिकवलं. पुढे तीच एकमेकांना सांगायला लागली, "तुझा आवाज आला, परत."

उतरण्याबरोबर पडणंही आलं. मागे तोल गेला की मूल हात मागे टेकवतं. ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट किंवा कोपर जातं. लहान मुलांचे हात मोडतात ते बहुतेक असेच. म्हणून हात छातीवर घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची, खाली बसायचं आणि पाठीवर लोळायचं. हे आम्ही इतक्या वेळा केलं की मैदानावर साखळी खेळताना पडलेली मुलंसुद्धा तशी लोळायला लागली. माझ्या दृष्टीने वर्षभराचं सगळ्यात मोठं काम ते होतं, कोलांटी त्याच्या नंतर.

याच दिवसांत मी त्यांना दीपा कर्माकरबद्दल सांगितलं. ती आगरताळ्याची. ऑलिंपिकला पोचलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. 2016 मध्ये रिओला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती चौथी आली, 15.066 गुण. ब्राँझ 15.216 ला गेलं. म्हणजे फरक 0.150 चा. तिने घेतलेली प्रोदुनोव्हा ही उडी, म्हणजे व्हॉल्टच्या टेबलावरून हातांनी उसळून हवेत दोन पुढच्या कोलांट्या आणि मग पाय जमिनीवर. ती उतरताना खूप खाली बसली होती, ती क्लिप मी मुलांना थांबवून थांबवून दाखवली. चौथीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, तिलापण स्टॅच्यू जमला नाही का?" मी म्हटलं, दोन कोलांट्यांनंतर ती पायांवर आली हेच केवढं मोठं आहे. पण तुझं बरोबर आहे, तिथेही गुडघे आणि पायच बघतात.

दीपाचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. तिचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टिक्समध्ये ही मोठी अडचण समजतात, कारण उसळी आणि उतरणं दोन्ही पायांवर असतं. तिच्या प्रशिक्षकांनी, बिश्वेश्वर नंदींनी, त्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. दुसरीतल्या एका मुलाची आजी मला मुद्दाम भेटायला आली होती. म्हणाली, "बाई, ह्याचे पाय बदकासारखे सपाट आहेत, ह्याला उड्या मारायला लावू नका." मी आजींना हॉलमध्ये बसवलं, त्याला बाकावरून उतरायला लावलं आणि दीपाची गोष्ट सांगितली. त्याला घरी करायला पायाच्या बोटांनी फडकं गोळा करण्याचा आणि टाचा उचलून चालण्याचा सराव दिला. दुखत असेल तर आधी डॉक्टर, हेही सांगितलं. त्याचं दुखत नव्हतं. आजी दर पंधरा दिवसांनी येऊन बघून जायच्या.

आता हातांकडे येते. उंच इमारतींत वाढणाऱ्या मुलांबद्दल लोक बोलतात, पण आमच्याकडची मुलं चाळीतली, बैठ्या घरांतली, तरी त्यांच्या हातांत जोर नव्हताच. झाडावर चढणं नाही, विहिरीवर दोर ओढणं नाही, लटकायला काही नाही. चार पायांवर हॉलची एक लांबी चालली की मनगट धरून बसायची. म्हणून रोज आधी मनगटं फिरवणं, मग बोटं पूर्ण पसरून तळवा टेकणं. कोपर सरळ, खांदे कानाकडे ढकललेले, नजर दोन हातांच्या मध्ये. ससाउडीत हात पुढे टेकायचे, कंबर वर उचलायची आणि पाय आणून हातांजवळ ठेवायचे. कंबर जितकी वर, तितका क्षणभर सगळा भार हातांवर. मुलाला कळतही नाही की आपण हातांवर उभं राहायला शिकतोय. ढकलगाडीत मागच्याने घोटे धरायचे नाहीत, मांड्या धरायच्या, नाहीतर पुढच्याची कंबर खाली लोंबते आणि पाठ दुखते.

सप्टेंबरपर्यंत दुसरी-तिसरीतली बरीच मुलं भिंतीला पाय लावून, पोट भिंतीकडे करून, हातांवर उभी राहायला लागली. बहुतेक ठिकाणी भिंतीकडे पाठ करून लाथ मारून वर जायला शिकवतात. मी ते टाळते. लाथ मारून गेलेलं मूल कमरेत वाकडं होऊन भिंतीवर आपटतं. पाय भिंतीवर एकेक पाऊल चढवत गेलेलं मूल जितकं झेपेल तितकंच वर जातं आणि दमलं की तसंच खाली येतं. आणि शीर्षासन मी प्राथमिकला घेत नाही. विनंत्या होतात, योगदिनाला तर होतातच. लहान मानेवर अख्ख्या अंगाचा भार देण्याची मला काही गरज दिसत नाही.

कोलांटी या सगळ्यानंतर आली. सपाट मॅटवर नाही, उतारावर. आमच्याकडे उताराची वेगळी मॅट नाही, म्हणून एका मॅटच्या टोकाखाली दोन मॅट दुमडून सरकवल्या. उतारावर मुलाला गती आपोआप मिळते, उभं राहणं सोपं जातं आणि हात आखूड असले तरी डोकं सुटतं. हनुवटी छातीला लागली पाहिजे हे तोंडाने सांगून होत नाही. त्यासाठी त्यांचाच पिन काढलेला रुमाल कामाला आला. घडी करून हनुवटीखाली धरायचा, आणि उभं राहीपर्यंत तो पडता कामा नये. हात टेकायचे, कंबर वर, पायांनी रेटायचं, मॅटला लागते ती मान आणि खांद्यांची मागची बाजू, टाळू नाही. माझा एक हात मांडीच्या मागे, दुसरा डोक्याच्या मागे, फक्त दिशा द्यायला. मानेवर दाब कधीच द्यायचा नाही आणि कंबर धरून मुलाला उलटवायचंही नाही. आपण उलटवलेलं मूल काहीच शिकत नाही, त्याला फक्त आपल्याला उलटवलं एवढं कळतं.

कोणाची कोलांटी बाजूला कलंडते. तो एका हाताने जास्त रेटत असतो किंवा डोकं एका खांद्याकडे वळवत असतो. त्याच्यासाठी मॅटवर खडूने दोन पंजे काढायचे. कोणाची पाठ मध्येच उघडते आणि पाट आपटावा तशी वाजते. त्याला परत पाठीवर झुलायला पाठवायचं, गुडघे धरून, मान आत. कोणी उठताना बाजूला हात टेकतो. त्याची टाच कुल्ल्यांपासून लांब राहिलेली असते. त्याच्यासमोर बसून मी हात पुढे करते आणि म्हणते, माझे हात पकड. पुढे झुकला की तो आपला आपण उठतो. हे तीन दोष ओळखता आले तर प्राथमिकच्या शिक्षकाला पुढची कोलांटी शिकवता येते, त्यासाठी स्वतः कसरतपटू असावं लागत नाही.

आधार काढून घेणं हे देण्यापेक्षा अवघड असतं. आधी दोन्ही हात, मग एक, मग हात जवळ पण न लावता. मुलाला हात लागणार आहे असं वाटत असतं म्हणून ते निर्धास्त जातं. तिसरीतली एक मुलगी दर वेळी विचारायची, "बाई, धराल ना?" मी धरेन म्हटलं की धरायचेच. तिला फसवून हात काढला असता तर कोलांटी त्याच दिवशी झाली असती, पण त्यानंतर तिने माझ्यावर भरवसा ठेवला नसता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने स्वतःच सांगितलं, "आज नका धरू."

दहीहंडीच्या आधीच्या आठवड्यात मुलांच्या डोक्यात थरांशिवाय काही नसतं. ठाण्यात हे व्हायचंच. 2012 मध्ये ठाण्यातच नऊ थर लागले आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली, हे आमच्याकडच्या पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. 14 वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला महाराष्ट्रात मनाई आहे, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. त्या वेळच्या पालकसभेत एक वडील उभे राहिले. ते पथकात खालच्या थराला असतात. मला वाटलं, आता मुलांना थर लावायला का शिकवत नाही असं विचारणार. ते म्हणाले, "बाई, माझा पोरगा घरी खाटेवरून उडी मारून स्टॅच्यू करतो. तुम्ही उतरायला शिकवताय ते एक नंबर. आमच्याकडे पण थर लावणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. पोरं पडतात ती उतरताना." मग त्यांनी सगळ्या पालकांसमोर दाखवलं की खालचा माणूस गुडघे किती वाकवतो आणि पाय किती फाकवतो. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. "डोक्यावर पडला तर?" हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही.

एका आईने विचारलं, मल्लखांब का नाही शिकवत, तो तर आपला. खरंच आपला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला आणि महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांनी टिकवला. माझी पकड, माझे खांदे सगळे मल्लखांबाच्या दोरीने दिलेले आहेत. पण एका खांबावर एका वेळी एकच मूल, आणि माझ्याकडे 45. त्या आईला मी जवळच्या व्यायामशाळेत मुलाला घालायला सांगितलं. मॅटवर हात तयार झाले की मल्लखांबावर ते लवकर लागू पडतात.

तिसरीत आमच्याकडे डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे शिक्षकांना माहीत असायलाच हवं. या मुलांचे सांधे सैल असतात आणि काहींच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधाही सैल असतो. तिथे जोर आला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय कोलांटी, उलटं होणं, मान वाकवून भार घेणं यातलं काहीही नाही. त्याच्या आईने डॉक्टरांचं पत्र आणून दिलं, त्यात कोलांटीला मनाई होती. आई म्हणाली, "मग त्याला तासाला बसवूनच ठेवा." मी म्हटलं, बसवणार नाही. जिम्नॅस्टिक्स म्हणजे नुसत्या कोलांट्या थोड्याच आहेत. बॅलन्स बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरत करायची अरुंद पट्टी, 10 सेंटीमीटर रुंद आणि 5 मीटर लांब असतो. मी व्हरांड्यात खडूने तेवढाच पट्टा आखला. तो त्यावर चालला, मग टाचा उचलून चालला, मग मध्ये थांबून वळायला शिकला. वीतभर उंचीच्या बाकावरून उतरायला चालेल का हेही आईने डॉक्टरांना विचारून घेतलं. चालेल म्हणाले. वर्गात त्याच्याइतका पक्का स्टॅच्यू कोणाचाच नाही. तीन म्हणेपर्यंत तो पापणीही लववत नाही आणि बाकीच्यांचे आकडे मोजायचं काम आता त्याचंच आहे. कोणी दोनवर हललं की तो सोडत नाही.

कार्टव्हील, म्हणजे हात टेकून चाकासारखं बाजूला फिरणं, हिवाळ्यात घेतली, फक्त तिसरी-चौथीला. आधी बाकावर हात ठेवून दोन्ही पाय या बाजूकडून त्या बाजूला. मग जमिनीवर खडूने एका रेषेत हात, हात, पाय, पाय अशा खुणा. कोणत्या बाजूने जायचं हे मी सांगत नाही. मुलाला मागून अचानक हलकं पुढे झुकवलं की जो पाय आधी पुढे येतो, त्या बाजूने पहिल्यांदा करायचं. लिहायला उजवा वापरणारी काही मुलं कार्टव्हीलला डावीकडून जातात. त्यांना जबरदस्तीने उजवीकडून लावलं की महिनाभर काही होत नाही, बाजू बदलली की त्याच तासात पाय वर जातात. आधार द्यायचा तो मुलाच्या पाठीमागे उभं राहून, कमरेला दोन्ही हात. समोर उभं राहिलं तर पाय तोंडावर बसतात.

स्नेहसंमेलन जवळ आलं तसा मनोऱ्याचा विषय निघालाच. प्रमुख पाहुण्यांसमोर तीन थरांचा मनोरा, वरच्या मुलाच्या हातात झेंडा. फोटो चांगला येतो, हे मलाही मान्य. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर दुसरं मूल उभं करायचं, ते मागे पडलं तर कोणाचाही हात पोचत नाही, आणि त्यासाठी दोन महिने दहा मुलं सराव करणार नि बाकीची टाळ्या वाजवणार. मी नाही म्हटलं आणि मुख्याध्यापिकाबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. आम्ही सहा मॅट मांडल्या आणि तिसरी-चौथीची सगळी मुलं उतरवली. कोणी कार्टव्हील केली, कोणी उतारावरची कोलांटी, कोणी नुसती ससाउडी. प्रत्येकाने शेवटी उतरून स्टॅच्यू केला. मोजायला माइकवर तोच मुलगा होता. त्याच्या "तीन" नंतरच टाळ्या वाजवायच्या, हे पालकांना दुसऱ्याच गटापासून कळलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या जूनमधल्या प्रश्नाचं उत्तरही तोवर मिळालं होतं. दोन वेळा नाकाला गुडघा लागून रक्त आलं, एकदा बोट मुरगळलं. मोठं काही नाही.

एप्रिलमध्ये चौथीची मुलं शेजारच्या इमारतीत पाचवीला जाणार म्हणून तिथले पी.टी.चे सर आले. म्हणाले, "बाई, शालेय स्पर्धेला उपयोगी पडतील अशी चांगली आठ-दहा मुलं काढून द्या." मी त्यांना सगळ्या मुलांची वही दिली. प्रत्येकाचं एक पान. कोणाचे हात कधी डोक्याच्या वर निघाले, कोण कुठल्या बाजूने कार्टव्हील करतं, कोणाची पाठ अजून वाजते, कोणाला मागची कोलांटी द्यायची नाही, कोणाला अजून आधार लागतो आणि तो कुठे. सरांनी तिथेच बसून बरीच पानं वाचली. तिसरीतल्या त्या मुलाचं पान त्यात नव्हतं, ते त्यांनी मुद्दाम मागून बघितलं, कारण वर्षभराने तो त्यांच्याकडे जाईल. "ह्याला काय द्यायचं?" म्हणाले. मी म्हटलं, बीमचा पट्टा आखा, उतरायला द्या, आणि डॉक्टरांचं नवं पत्र मागा, जुनं धरून चालू नका.

पाचवीचा तास त्यांनी खिचडीच्या आधी मागून घेतला आहे. मॅट दोन्ही इमारतींना मिळून सहाच आहेत. त्यामुळे सोमवार-बुधवार त्या त्यांच्याकडे आणि मंगळवार-गुरुवार माझ्याकडे, असं ठरलंय. शुक्रवारी पंख्याखाली वाळायला.